घाटात गाडी तापते? हेड उघडण्याआधी पाणी कुठे जातंय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. मे महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. गॅरेजमध्ये रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा रस्ता उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकला, फॅन डायरेक्ट करून दिला, म्हणजे मूळ वायरिंग वगळून थेट जोडला. आता शहरात गाडी तापत नाही, पण घाट लागला की काटा पुन्हा चढतो. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय, हेड उघडावं लागेल, २५ हजार खर्च येईल. तर करू का?

माझं उत्तर : आत्ता नाही. कदाचित पुढे करावं लागेल, तेही नाकारत नाही. पण तुमच्या गाडीचं निदान अजून कोणी केलेलंच नाही. तीन इलाज झाले, आणि त्यातल्या दोन इलाजांनी उलट पुरावाच पुसून टाकला.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी ओझरतं आलंय : ‘दर पंधरा दिवसांनी बाटलीत अर्धा लिटर पाणी घालावं लागतं.’ खरा आजार तिथे आहे. रेडिएटर, इंजिन आणि जादा पाण्याची ही प्लास्टिकची बाटली मिळून होणारी कूलिंग सिस्टीम सीलबंद असते. वर्षभरात बाटलीतली पातळी बोटभर खाली आली तर मी काही म्हणणार नाही, पण पंधरा दिवसांत अर्धा लिटर म्हणजे पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय, नाहीतर इंजिन ते आतल्या आत पितंय. गाडी का तापते हा नंतरचा प्रश्न. पाणी कुठे जातं याचं उत्तर मिळालं की बहुतेक वेळा तापण्याचंही मिळतं.

आता काही गोष्टी तुमच्यावर आणि गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मी गाडी पाहिलेली नाही. इंजिन कोणतं, रेडिएटरला वेगळं झाकण आहे की सगळा दाब बाटलीच्याच झाकणावर आहे, लाल काट्यावर तुम्ही गाडी किती वेळ चालवली, यावर बरंच ठरतं. वाफ दिसताच इंजिन बंद केलं असेल तर हेड वाचलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. ‘घाट संपेपर्यंत नेऊ’ म्हणून नेली असेल तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरंही असू शकेल. पण ते तपासून ठरवायचं असतं, आणि तपासायला हेड उघडावं लागत नाही.

घाटात नेमकं काय होतं ते बघू. जळणाऱ्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेली पाण्यातून रेडिएटरकडे. चढावर इंजिन सपाट रस्त्याच्या कितीतरी पट पेट्रोल जाळतं, म्हणजे रेडिएटरवरचा बोजाही तितक्या पटीने वाढतो. त्यात सुट्टीच्या दिवशीचा खंबाटकी म्हणजे रांग. पहिल्या गिअरमध्ये, एसी लावून, चालण्याच्या वेगाने चढायचं. जाळीतून वारा येत नाही आणि उष्णता मात्र पुरेपूर. म्हणून मी घाटात तापलेली गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो : रांगेत रखडताना तापली, की मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चालताना?

नुसती रखडताना तापत असेल आणि वेग मिळताच काटा खाली येत असेल, तर वाऱ्याची बाजू बघायची : फॅन, त्याचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज, फॅनच्या मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधोमध साचलेला चिखल आणि किडे. वेगात चालतानाही तापत असेल तर फॅनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा वारा भरपूर असतो. तिथे पाण्याची बाजू येते : पाणी कमी आहे, फिरत नाही, रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात, किंवा हेड गॅस्केटमधून जळालेला गॅस पाण्यात शिरतोय. दोन्ही वेळा तापत असेल तर आधी पाण्याची पातळी, मग बाकी सगळं. तुम्ही यातलं नक्की कोणतं ते लिहिलेलं नाही. ते आठवून बघा.

आता झालेल्या इलाजांकडे येऊ. रेडिएटर बाहेरून धुतला, उत्तम. मात्र प्रेशर वॉशरने समोरून धुतला असेल तर पाती वाकून जाळी उलट जास्त बंद झाली असेल. हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायचा असतो.

थर्मोस्टॅट काढणे ही आपल्याकडची जुनी खोड. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’ असं ठासून सांगितलं जातं. थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून एका तापमानावर धरून ठेवणं हे आहे. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन थंडच राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, वाटतं गाडी अजून गरम झालेली नाही, ते पेट्रोल जास्त सोडतं आणि ॲव्हरेज पडतं. हे एक वेळ सोडून देऊ. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला एक छोटी चकती असते. वरचा वॉल्व्ह उघडला की ही चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा. मग गरम पाण्यातला एक हिस्सा रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो. शहरात तेवढ्यावर भागतं, घाटात भागत नाही. म्हणजे तुमच्या गाडीचं आजचं घाटातलं तापणं हे मूळ दुखणं नसून इलाजाचाच परिणाम असू शकतो. म्हणून गॅरेजमधून तो काढलेला थर्मोस्टॅट मागून घ्या आणि खाली चकती आहे का बघा.

तो मिळालाच तर तपासायला सोपा आहे. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकेल असा टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. (स्वयंपाकाचं पातेलं नको. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यामुळे मुलं आणि कुत्री ते चाटतात. जमिनीवर सांडलेलंही लगेच धुऊन टाका.) नीट उघडला तर तो निर्दोष होता. तरी इतकं झाल्यावर मी नवाच बसवीन, कारण तो काही शेकड्यांत मिळतो.

फॅन डायरेक्ट करणं मला त्याहून खटकतं. रेडिएटरचा फॅन दहा ते वीस अँपिअर ओढतो. इतका करंट रिले-फ्यूज वगळून बारीक वायरने किंवा चावीच्या स्विचमधून नेला तर वायर वितळते, कधी आगही लागते. दुसरं म्हणजे, मुळात फॅन स्वतःहून का लागत नव्हता, की लागत होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. रिले गेला होता? सेन्सर? दोन वेगांच्या फॅनमध्ये मंद वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो, मग फॅन थेट मोठ्या वेगावरच आणि उशिरा लागतो. हे काम मेकॅनिकचं नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे. मूळ वायरिंग परत जोडून घ्या. मग गाडी उभी असताना एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन लागतो. एसी बंद ठेवून इंजिन तसंच चालू ठेवलं तर साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान फॅन लागून तापमान खाली आणतो आणि बंद होतो.

हे अंश कळायला डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. अनेक गाड्यांत ७५ पासून १०५ पर्यंत काटा मुद्दामच मध्यावर ठेवलेला असतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. तो मध्यावरून हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (इथून गाडीच्या संगणकातली माहिती वाचता येते) बसणारा ब्लूटूथ ॲडॉप्टर हजाराच्या आत मिळतो, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. गाड्यागाड्यांत फरक असतो, पण सपाट रस्त्यावर ८८ ते ९५, चढावर १०० ते १०५ असेल तर मी गाडी चालवत राहीन. ११० च्या वर टिकून राहिलं तर बाजूला घेईन. एक सावधगिरी : पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत लोंबकळतोय, तर तो कमी तापमान दाखवतो आणि इंजिन मात्र भाजत असतं.

आता पाणी जातं कुठे? इथे घाई नको.

पहिलं झाकण. फार लोक त्याला नुसतं झाकण समजतात, पण ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार या दाबाच्या एककात. १.१ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की दाब धरत नाही आणि पाणी उघड्या पातेल्यातल्यासारखं शंभराला उकळतं. तुम्ही महाबळेश्वरला निघाला होतात असं लिहिलंय. तिथे, साडेतेराशे मीटर उंचीवर, पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. म्हणजे दाब न धरणारं झाकण आणि कूलंटऐवजी नुसतं पाणी अशी जोडी असेल, तर फॅन सुरू व्हायच्या आतच पाणी उकळायला लागणार. उकळलेलं पाणी बाटलीतून बाहेर फेकलं जातं, पातळी उतरते, पुढच्या वेळी आणखी लवकर उकळतं. झाकणाला मोजून दोन-चारशे रुपये लागतात. मूळ कंपनीचं, त्याच आकड्याचं घ्या.

झाकणाला आतून एक उलटा वॉल्व्हही असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो अडकला की बाटली ‘मॅक्स’पर्यंत भरलेली दिसते आणि रेडिएटर निम्मा रिकामा असतो. तुमच्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर सकाळी इंजिन पूर्ण गार असताना ते उघडून आत बघा. नुसती बाटली पाहून समाधान मानू नका. गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अशा भाजण्याचे व्रण असलेले मेकॅनिक आमच्या धंद्यात कमी नाहीत.

दुसरं, बाहेरची गळती. ती दरवेळी खाली थेंब टाकून दिसेल असं नाही. गरम भागावर पडलेलं पाणी तिथेच वाळतं आणि पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खरवड मागे राहते. टॉर्च घेऊन होज पाइपांचे क्लॅम्प, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियम यांचा सांधा, वॉटर पंपाच्या अंगावरचं बारीक भोक, हे सगळं बघा. पंपाच्या भोकातून ओघळ आला असेल तर त्याची सील गेली. डाव्या सीटपुढचा गालिचा ओलसर, गाडीत गोडसर वास, काच आतून सतत धुरकट असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायचा. गार इंजिनवर झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघतात. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही एक तपासणी सर्वांत मोलाची आहे, आणि तुमच्या गाडीवर ती झालेलीच नाही. गॅरेजमध्ये हे यंत्र नसेल तर ज्यांच्याकडे आहे तिथे जा.

तिसरं, हेड गॅस्केट. गार इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दाबून बघा. पाणी अजून कोमट आणि पाइप मात्र दगडासारखा कडक, म्हणजे जळालेल्या गॅसचा दाब आत येतोय. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स झालं तर तेही संशयास्पद. सर्व स्पार्क प्लग काढून ओळीने ठेवा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. शिवाय एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली की सिलिंडरमधला गॅस असल्यास ते पिवळं पडतं. ही चाचणी दहा मिनिटांची. ऑइल डिपस्टिकवर दुधी चहासारखं दिसलं तर काही बोलायलाच नको. मात्र ऑइलच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. तेवढ्यावर ‘हेड गेलं’ म्हणणारा मेकॅनिक घाई करतोय.

रेडिएटर आतून बुजला असेल तर ते तापमानाच्या बंदुकीने (इन्फ्रारेड थर्मामीटरने) कळतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रेडिएटरवर मधेमधे गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकाकत्या ॲल्युमिनियमवर ही बंदूक चुकीचं दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून त्यावर मोजा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपात खूप फरक असेल तर पाणी सावकाश फिरतंय, मग पंपाकडे किंवा बुजलेल्या नळ्यांकडे बघायचं. दोन्ही जवळजवळ सारखेच तापलेले असतील तर पाणी फिरतंय पण वारा उष्णता नेत नाहीये. पंप नुसता गळण्यानेच जातो असं नाही. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या पंपाची पाती गंजून अर्धी झालेली मी पाहिली आहेत. बाहेरून पंप कोरडा ठणठणीत, आणि घाटात पाणी पुढे ढकलायला पातंच नाही.

म्हणून बाटलीत बोअरचं पाणी घालणं थांबवा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट बर्फ न होण्यासाठी असतं, आपल्याला काय करायचंय, असं लोक म्हणतात. पण तेच कूलंट उकळण्याची मर्यादा वाढवतं, गंज थांबवतं आणि पंपाची सील जपतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा कंपनीचं तयार मिसळलेलं. निव्वळ कूलंट ओतू नका, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावरून जात ओळखायला जाऊ नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या. भरल्यावर हवा काढायला वेळ द्या : हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू, पातळी उतरेल तसं भरत राहायचं. अडकलेली हवा हेही ताज्या दुरुस्तीनंतर गाडी तापण्याचं नेहमीचं कारण आहे. आणि कोणी गळती थांबवायला पावडर किंवा ट्रकवाल्यांची हळद टाकू म्हणालं तर नको म्हणा. हळद बारीक भोक बुजवते हे खरं, पण ती भोक आणि नळी यात फरक करत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा : फॅनचं वायरिंग मूळपदावर, नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, प्रेशर टेस्ट, निळ्या रसायनाची चाचणी, मग योग्य कूलंट भरून ओबीडी लावून एक फेरी. हे सगळं २५ हजारांच्या छोट्याशा भागात होतं. तोपर्यंत घाट टाळा. जावंच लागलं आणि तापमान चढू लागलं तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनला तेवढा एक जादा रेडिएटर मिळतो. वाफ नसेल आणि काटा लालवर गेला नसेल तर बाजूला उभं राहून इंजिन चालू ठेवा, पंप आणि फॅन फिरू द्या. वाफ दिसली किंवा काटा लालवर गेला तर लगेच बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

चाचण्यांत हेड गॅस्केटच निघालं तर उघडायला हरकत नाही, पण काम कसं होणार ते आधी विचारा. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक मोजणार का? बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालतो, नक्की आकडा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलात असतो. वाक जास्त असेल तर फेसिंग (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं) कुठे करणार? हेडचे बोल्ट नवे घालणार का? कित्येक इंजिनांत ते ताणले जाणारे असतात, एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का? २५ हजारांच्या अंदाजात फेसिंग, बोल्ट, कूलंट आणि थर्मोस्टॅट धरलेत का, हे लिहून घ्या. बोल्ट हाताच्या अंदाजानेच आवळतो म्हणणारा असेल तर गाडी तिथून उचला.